एक गाणे, दोन रकाने : सिनसिनाटीच्या ‘किंग रेकॉर्ड्‌स’ची कहाणी

अमेरिकेतले ‘कंट्री’ संगीत म्हटले की आपल्यासमोर एक ठरावीक चित्र येते. रुंद काठाची टोपी, गिटार, खेड्यातला गोरा माणूस, आणि नॅशव्हिल शहर. ‘ब्लूज’ किंवा ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ म्हटले की दुसरे चित्र : काळा गायक, सॅक्सोफोन, शहराच्या गरीब वस्तीतला नाचघर. ही दोन चित्रे इतकी पक्की झाली आहेत की ती त्या त्या मातीतूनच उगवली असावीत असे वाटते. प्रत्यक्षात ती ध्वनिमुद्रिका विकणाऱ्यांच्या सूचिपत्रांतून आलेली आहेत. १९२०च्या दशकात कोलंबिया कंपनीने काळ्या गिऱ्हाइकांसाठीच्या तबकड्यांना १४००० पासून क्रमांक द्यायला सुरुवात केली आणि दक्षिणेकडच्या गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकांसाठीच्या तबकड्यांना १५००० पासून. पहिल्या मालिकेला धंद्यात ‘रेस’ म्हणत, दुसरीला ‘हिलबिली’, म्हणजे डोंगरावरचा गावंढळ. वाजवणारे एकमेकांकडून चाली उचलत होते, एकाच गुरूकडे गिटार शिकत होते. पण दुकानातले रकाने वेगळे राहिले.

हे रकाने पुरते मोडले असे कोणीही केले नाही. मात्र ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात १९४३ साली सुरू झालेल्या एका लहान कंपनीने त्यांच्यामधल्या भिंतीला दार पाडले आणि पंचवीस वर्षे त्या दारातून ये-जा करून पैसा मिळवला. तिचे नाव ‘किंग रेकॉर्ड्‌स’. सुरुवातीला ती निव्वळ हिलबिली गाण्यांची कंपनी होती आणि तशीच जाहिरात करत असे. तिचे दार कोणासाठी उघडले, कशासाठी उघडले आणि त्यातून आत आलेल्यांच्या पदरात काय पडले, हे पाहिले की स्वतंत्र कंपनी या शब्दाभोवतीचे भाबडे वलय बरेच कमी होते.

सिनसिनाटी हे अशा कंपनीला जन्म देण्याजोगे शहर होते. ओहायो नदी म्हणजे जुन्या काळातली गुलामगिरीची सीमा. पलीकडच्या तीरावर केंटकी. यंत्रांच्या आणि साबणाच्या कारखान्यांत काम मिळेल म्हणून केंटकीच्या डोंगराळ भागातून गोरे मजूर नदी ओलांडून येत, आणि त्याच कारणाने खोल दक्षिणेतून काळे मजूर येत. शिवाय इथे ‘डब्ल्यू.एल.डब्ल्यू.’ हे अवाढव्य रेडिओ केंद्र होते. १९३४ ते १९३९ या काळात त्याला पाच लाख वॅट शक्तीने प्रक्षेपणाची परवानगी होती. नंतर ती पन्नास हजारांवर आली, तरी अर्ध्या अमेरिकेत ते ऐकू येई. त्याच्या ‘बून काउंटी जँबोरी’ या कार्यक्रमासाठी डोंगरी गाणी गाणाऱ्यांचा मोठा ताफा शहरात पगारावर राहत होता. गाणारे होते, ऐकणारे होते. मुद्रण करणारे मात्र शिकागो आणि न्यूयॉर्कला होते.

सिड नेथन हा या शहरातला ज्यू दुकानदार. जन्म १९०४. लहानपणापासून दमा, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा, शाळा अर्धवट सुटलेली. ड्रम वाजवणे, कुस्त्यांचे फड भरवणे, दागिने विकणे असे सगळे करून तो चाळिशीकडे आला तेव्हा सेंट्रल अॅव्हेन्यूवर त्याचे जुन्या तबकड्यांचे दुकान होते. या धंद्यात तो पडला तोही योगायोगाने : ज्यूकबॉक्स चालवणाऱ्या एकाकडे त्याचे थोडे पैसे अडकले होते, त्या बदल्यात त्याने वाजवून झिजलेल्या तबकड्या उचलल्या आणि त्या हातोहात खपल्या. दुकानाच्या आसपासची वस्ती गरीब, गोरी आणि काळी दोन्ही. कोण काय मागते हे तो गल्ल्यावर बसून पाहत होता. नेथनला संगीतातले कळत होते की नाही यावर वाद आहे, पण गिऱ्हाईक कळत होते यावर नाही.

त्याच्या दुकानात जुन्या तबकड्या चाळायला रेडिओवरचे गायकही येत. त्यांतला एक ग्रँडपा जोन्स. (हे ‘आजोबा’ तेव्हा तिशीचे होते, म्हाताऱ्याच्या सोंगात गाण्याची युक्ती विशीतच हाती लागली आणि नाव जन्मभर चिकटले.) दुसरा मर्ल ट्रॅव्हिस, केंटकीच्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला, ज्याच्या बोटांची गिटारवादनाची शैली आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. १९४३च्या सप्टेंबरात नेथन या दोघांना जवळच्या डेटन गावी घेऊन गेला आणि वुर्लिट्झर पियानोच्या दुकानावरच्या खोलीत त्यांची गाणी मुद्रित केली. तबकडीवर नाव छापले ‘शेपर्ड ब्रदर्स’. नोकरीवर असलेल्या कलाकारांनी बाहेर असे उद्योग केलेले रेडिओ केंद्राला चालत नव्हते. किंग कंपनीची ही पहिली तबकडी. छपाई इतकी वाईट होती की ती फारशी खपलीच नाही.

वेळ मात्र अचूक साधली होती. संगीतकारांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला होता. कोलंबिया आणि व्हिक्टर या मोठ्या कंपन्यांनी १९४४च्या नोव्हेंबरपर्यंत तडजोड केली नाही. दुसरी अडचण आपल्या जवळची आहे. त्या काळची तबकडी म्हणजे दगडाची भुकटी, काजळी आणि ते सगळे धरून ठेवणारी लाख. ही लाख जगाला मुख्यतः हिंदुस्थानातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून मिळत असे. पळस, कुसुम, बोर या झाडांवर किडे जी राळ सोडतात तीच ही. आपल्याकडे तिच्या बांगड्या झाल्या, तिकडे संगीत. युद्धामुळे जहाजवाहतूक अडली, लष्कराला लाख हवी होती, म्हणून १९४२ साली अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेवर निर्बंध घातले. दुकानदार नवी तबकडी देताना जुनी परत मागू लागले, ती दळून पुन्हा वापरता यावी म्हणून. तुटपुंजा कच्चा माल मोठ्या कंपन्यांनी खात्रीच्या, शहरी, सर्वांना चालणाऱ्या गाण्यांवर खर्च केला. हिलबिली आणि रेस हे दोन्ही रकाने जवळजवळ उपाशी राहिले. युद्धसाहित्याच्या कारखान्यांत याच दोन वर्गांच्या हातात पहिल्यांदा रोख पैसा खुळखुळत होता, आणि त्यांना हवा तो माल बाजारात नव्हता.

पहिल्या फजितीनंतर नेथनने एक गोष्ट ठरवली : दुसऱ्याच्या यंत्रावर अवलंबून राहायचे नाही. १९४४ साली नातेवाइकांकडून भांडवल गोळा करून त्याने एव्हन्स्टन भागात, १५४० ब्रुस्टर अॅव्हेन्यू इथे बर्फाचा जुना कारखाना घेतला. पुढच्या काही वर्षांत त्या एका आवारात स्टुडिओ, साचे बनवण्याचा विभाग, तबकड्या दाबण्याची यंत्रे, लेबले आणि पाकिटे छापण्याचा छापखाना आणि मालाची रवानगी असे सारे उभे राहिले. सकाळी गायलेले गाणे दुसऱ्या दिवशी खोक्यांत भरून बाहेर पडू शकत असे. वितरणही स्वतःच्याच शाखांतून. एकाच छताखाली इतके सगळे असलेली दुसरी स्वतंत्र कंपनी त्या काळच्या अमेरिकेत सापडणे कठीण. तिचे स्वातंत्र्य या यंत्रांत होते. कलेच्या स्वातंत्र्याविषयी नेथनने कधी फार बोलल्याचे दिसत नाही.

हिलबिलीच्या रकान्यात किंगने लवकरच बस्तान बसवले. काउबॉय कोपास, हॉकशॉ हॉकिन्स, टेक्ससचा पियानोवाला मून मलिकन आणि अलाबामाचे डेलमोर बंधू ही त्यांतली मोठी नावे. कोपासचे ‘फिलिपिनो बेबी’ १९४६ साली गाजले. मग नेथनच्या दुकानदारी बुद्धीने दुसरा रकाना उघडला. काळ्या गायकांसाठी १९४५ साली ‘क्वीन’ नावाची उपकंपनी निघाली आणि दोनेक वर्षांत ती किंगमध्येच विलीन झाली. बुल मूस जॅक्सन, वायनोनी हॅरिस यांच्या तबकड्या कोपासच्या तबकड्यांशेजारी त्याच लेबलाखाली येऊ लागल्या.

यातूनच हेन्री ग्लोव्हर कंपनीत आला. या लेखापुरता मला तो नेथनपेक्षा महत्त्वाचा वाटतो. जन्म १९२१, आर्कान्सा राज्यातले हॉट स्प्रिंग्ज. लकी मिलिंडरच्या वाद्यवृंदात ट्रंपेट वाजवणारा, वाद्यरचना करणारा, सुशिक्षित काळा तरुण. लहानपणी रेडिओवर त्याने हिलबिली गाणी भरपूर ऐकली होती आणि ती आपल्याला परकी कधी वाटली नाहीत, असे तो पुढे सांगत असे. कोणाकडून काय गाऊन घ्यायचे आणि ते कसे वाजवायचे हे ठरवण्याचा अधिकार नेथनने त्याच्याकडे दिला, आणि तो फक्त काळ्या गायकांपुरता ठेवला नाही. १९४०च्या दशकाच्या अखेरीस, बेसबॉलच्या मुख्य संघांत पहिला काळा खेळाडू उतरून फार दिवस झाले नव्हते तेव्हा, दक्षिणेतले गोरे गायक काचेच्या पलीकडून येणाऱ्या एका काळ्या माणसाच्या सूचना ऐकून गात होते. त्याच शहरात काम संपल्यावर काळ्या कलाकारांना गोऱ्यांच्या हॉटेलांत खोली मिळत नसे. ते वॉलनट हिल्स भागातल्या काळ्यांच्या ‘मॅन्स हॉटेल’मध्ये उतरत.

१९४९ साली ‘द हकलबक’ नावाची नाचाची धून काळ्या वस्त्यांत तुफान चालली होती. नेथनला तिच्यासारखेच काहीतरी हिलबिली गिऱ्हाइकासाठी हवे होते. डेलमोर बंधू, हार्मोनिका वाजवणारा वेन रेनी आणि ग्लोव्हर एकत्र बसले. त्यातून निघालेले ‘ब्लूज स्टे अवे फ्रॉम मी’ हे गाणे संथ आहे, खालच्या सुरातल्या गिटारच्या एकाच फिरत्या तुकड्यावर तोललेले; दोघा भावांचे आवाज एकमेकांत मिसळलेले, कुजबुजल्यासारखे. बिलबोर्ड साप्ताहिकाच्या कंट्री यादीत ते पहिल्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बिलबोर्डने आपल्या याद्यांची नावे बदलली होती : ‘रेस’ऐवजी ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’, आणि ‘फोक’ऐवजी ‘कंट्री अँड वेस्टर्न’. पाट्या सभ्य झाल्या, रकाने तेवढेच राहिले.

आता या ये-जा करण्यामागचे गणित. १९०९च्या अमेरिकी कायद्यानुसार एखादे गाणे एकदा मुद्रित झाले की दुसऱ्या कोणालाही ते मुद्रित करता येई. अट एवढीच की विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे त्या गाण्याच्या प्रकाशकाला दोन सेंटपर्यंत रक्कम द्यायची. रिवाजाप्रमाणे त्यातला निम्मा वाटा गीतकाराचा आणि निम्मा प्रकाशकाचा. दोन सेंट म्हणजे काहीच नाही. पण लाखो तबकड्या विकल्या की तीच रक्कम बरीच होते, आणि तबकडी जुनी झाली तरी गाणे चालूच राहते. नेथनने ‘लोइस म्युझिक’ नावाची स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. आपल्या गायकाने आपल्याच मालकीचे गाणे गायले तर प्रकाशकाचा वाटा घरातच राहतो. मग एकाच गाण्यातून दोनदा कमाई का करू नये? एक तबकडी हिलबिली गिऱ्हाइकासाठी, दुसरी काळ्या गिऱ्हाइकासाठी, गाणे तेच.

वेन रेनीचे १९४९चे हिलबिली गाणे ‘व्हाय डोन्ट यू हॉल ऑफ अँड लव्ह मी’ त्याच वर्षी बुल मूस जॅक्सनने गायले आणि दोन्ही बाजूंना चालले. हँक पेनीचे ‘ब्लडशॉट आइज’ १९५१ साली वायनोनी हॅरिसने उचलले; मूळ गाणे मिश्किल होते, हॅरिसने ते उघड दांडगे केले, आणि आज बहुतेकांना तेच आठवते. उलट दिशेने, टायनी ब्रॅडशॉचे ‘वेल ओ वेल’ मून मलिकनकडे गेले. कधीकधी हा हट्ट विनोदी होई. १९६० साली नेथनने हँक बॅलर्डचे ‘फिंगर पॉपिन टाइम’ चक्क स्टॅन्ली बंधूंकडून गाऊन घेतले. स्टॅन्ली बंधू म्हणजे व्हर्जिनियाच्या डोंगरांतले, बँजो आणि भजनाच्या वळणाचे गाणारे. त्या दिवशी स्टुडिओत चुटक्या वाजवायला जेम्स ब्राउन आणि त्याचे वादक होते, असे राल्फ स्टॅन्ली सांगत असे. गाणे काही खास नाही. पण हा प्रसंग दुसऱ्या कोणत्या कंपनीत घडला असता हे सांगता येत नाही.

या व्यवस्थेत गाणाऱ्याच्या वाट्याला काय आले, याचे उत्तर लेबलावर कंसात छापलेल्या नावांत आहे. किंगच्या अनेक गाण्यांवर सहलेखक म्हणून ‘मान’ असे आडनाव दिसते. पूर्ण नाव लोइस मान. ही बाई अस्तित्वात नव्हती. ते सिड नेथनचेच टोपणनाव. कोपासच्या ‘साइन्ड, सील्ड अँड डिलिव्हर्ड’वर ते आहे, मून मलिकनच्या ‘आय विल सेल माय शिप अलोन’वर आहे, काळ्या गायकांच्या गाण्यांवरही आहे. प्रकाशकाचा वाटा तर त्याचा होताच. अशा गाण्यांत गीतकाराच्या वाट्यातही तो शिरला. ही लबाडी त्या काळच्या धंद्यात सर्रास चाले, हे खरे. पण सर्रास होती म्हणून ती लहान ठरत नाही. गोरा आणि काळा यांत त्याने भेद केला नाही असे जे कौतुकाने म्हटले जाते, ते इथेही तंतोतंत लागू पडते.

त्याच वेळी त्याच्या कारखान्यात, कचेरीत आणि स्टुडिओत काळे आणि गोरे लोक एकत्र काम करत होते, आणि त्या शहरात, त्या काळात हे अपवादात्मक होते. त्यावर स्थानिक वर्तमानपत्रांतही लिहून आले. नेथन हा उदार विचारांचा होता की फक्त हिशेबी, असा प्रश्न अमेरिकी अभ्यासक वारंवार विचारतात. मला तो चुकीचा वाटतो. आरडाओरडा करणारा, सिगार ओढणारा, स्टुडिओत घुसून गाणे मध्येच थांबवणारा हा माणूस एका हाताने दार उघडत होता आणि दुसऱ्या हाताने आत येणाऱ्याचा खिसा चाचपत होता. दोन्ही हात त्याचेच. १९५९-६० साली गाणी वाजवण्यासाठी रेडिओ निवेदकांना पैसे चारण्याचे प्रकरण उघडकीस आले, बहुतेक कंपन्यांनी कानावर हात ठेवले, तेव्हा पैसे दिल्याचे याने सरळ कबूल केले.

कंट्रीच्या बाजूने कंपनीचा जोर मात्र १९५०च्या दशकात ओसरला. नॅशव्हिलमध्ये रेडिओ, प्रकाशक, स्टुडिओ आणि मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या एका गावात आल्या. सिनसिनाटीहून गायक तिकडे वाहू लागले. ग्रँडपा जोन्स गेला, हॉकिन्स गेला. १९५२च्या डिसेंबरात राबन डेलमोर वारला. रेनो आणि स्मायली, स्टॅन्ली बंधू अशा ब्लूग्रास मंडळींनी तो रकाना धुगधुगता ठेवला. हॉकिन्स १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला परत आला आणि त्याचे नवे गाणे ‘लोनसम ७-७२०३’ बाजारात येऊन काही दिवसच झाले होते, तोच ५ मार्च १९६३ रोजी टेनेसीत एक लहान विमान कोसळले. त्यात गायिका पॅट्सी क्लाइनबरोबर हॉकिन्स आणि कोपास, किंगचे दोन्ही जुने मोहरे, गेले. हॉकिन्सचे ते गाणे त्याच्यामागे पहिल्या क्रमांकावर पोचले. जिवंतपणी ते भाग्य त्याला लाभले नव्हते.

कंपनी तोवर मुख्यतः एका माणसावर चालली होती : जेम्स ब्राउन. अपोलो थिएटरातला त्याचा जिवंत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायला नेथनने पैसे दिले नाहीत. ब्राउनने १९६२च्या ऑक्टोबरात ते स्वतःच्या खिशातून केले आणि ती तबकडी पुढच्या वर्षी देशातल्या अल्बमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. १९६४ साली चिडून तो दुसऱ्या कंपनीकडे गेला, तेव्हा किंगने न्यायालयात धाव घेतली. निकाल असा लागला की नव्या कंपनीसाठी ब्राउनने वाद्यवृंद वाजवावा, पण त्याचा आवाज किंगचा. करारात ‘आवाज’ म्हणजे नेमके काय असते, हे या एका निकालातून जितके समजते तितके अनेक ग्रंथांतून समजणार नाही. ब्राउन परतला, पण आधीपेक्षा चांगल्या अटींवर.

सिड नेथन ५ मार्च १९६८ रोजी मायामीत वारला. कोपास आणि हॉकिन्स गेल्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती. त्याच वर्षी नॅशव्हिलची ‘स्टारडे’ ही दुसरी स्वतंत्र कंट्री कंपनी किंग विकत घेऊन बसली आणि लगेच दोन्ही मिळून तिसऱ्याच्या ताब्यात गेल्या. १९७१ साली जेम्स ब्राउनचा करार पॉलिडोरकडे गेला. उरलेला संग्रह हात बदलत १९७५ साली नॅशव्हिलच्या ‘गस्टो’ कंपनीकडे पोचला. ब्रुस्टर अॅव्हेन्यूवरची इमारत गोदाम झाली, मग ओस पडली. २००८ साली तिथे ऐतिहासिक फलक लागला, आणि तरीही पुढे ती पाडण्याची परवानगी मागितली गेली. एव्हन्स्टनचे रहिवासी, जुने वादक आणि नगरपालिका यांनी काही वर्षे झगडून ती वाचवली. २०१८ साली जागेच्या अदलाबदलीतून ती शहराच्या मालकीची झाली.

हेन्री ग्लोव्हर १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कला दुसऱ्या कंपनीत गेला, नंतर काही काळ परतला, आणि १९९१ साली वारला. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या इतिहासात त्याला जागा आहे. कंट्रीच्या इतिहासांत बहुधा एखाद्या वाक्याची. ‘ब्लूज स्टे अवे फ्रॉम मी’च्या तबकडीवर गायक म्हणून डेलमोर बंधूंचे नाव मोठ्या अक्षरांत आहे. लेखक म्हणून बारीक टाइपात फक्त आडनावे छापली आहेत : दोन डेलमोर, एक रेनी, एक ग्लोव्हर. आडनावावरून रंग कळत नाही. अलाबामातल्या एखाद्या गावच्या दुकानात १९४९च्या हिवाळ्यात ती विकत घेणाऱ्याने कंसातली नावे वाचली असतील, तरी त्याला चारही नावे गोऱ्यांचीच वाटली असणार.